सिम्युलेशनमध्ये सगळं बरोबर, मशीनवर झेड चुकतो: तीच चूक परत परत का येते

आधी सीएनसी मशीनवाल्यांचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर कापणाऱ्या मशीनवाल्यांचा, प्रॉब्लेम नीट मांडतो; झेड म्हणजे टूलची वर-खाली चाल. कॅममध्ये (कापायचा बेत करणारं सॉफ्टवेअर) टूलपाथ, म्हणजे टूलने चालायचा रस्ता, बनवला, सिम्युलेशन चालवलं, कुठे धडकेचं लाल दिसलं नाही, पोस्ट केलं, म्हणजे मशीनला कळणारी जी-कोड फाईल काढली, पेनड्राइव्ह मशीनला लावला, आणि मशीनवर टूल एकतर हवेत फिरतंय नाहीतर जॉबमध्ये घुसतंय. मग ऑपरेटर तिथेच मशीनच्या स्क्रीनवर प्रोग्राम एडिट करतो, नाहीतर ऑफसेट (शून्य कुठे आहे ते मशीनला सांगणारा आकडा) थोडा वर उचलतो, जॉब निघतो, विषय संपला असं सगळ्यांना वाटतं. पुढच्या आठवड्यात पार्टीने ड्रॉइंगमध्ये एक भोक सरकवलं म्हणून परत पोस्ट करायला जावं तर तीच चूक परत हजर. गोव्यात कुंडई, डिचोली, वेर्णा, पिळर्ण, कुठच्याही इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या छोट्या जॉबशॉपमध्ये जा, हे असंच चाललेलं दिसेल, आणि चवथीच्या आधी मखरं कापणाऱ्या राउटरवाल्यांकडे (राउटर म्हणजे लाकूड-प्लाय कापणारं सीएनसी) तर रोजचं.

माझं म्हणणं एवढंच की पेनड्राइव्हवरची फाईल दुरुस्त करणं बंद करा. ती फाईल म्हणजे शेवटचा माल, पुढच्या पोस्टला ती पुसली जाणार आणि तुमची दुरुस्तीपण तिच्यासोबत जाणार. चूक एकतर कॅमच्या सेटअपमध्ये असते, नाहीतर टूल लायब्ररीत, नाहीतर पोस्ट प्रोसेसरमध्ये (टूलपाथचा जी-कोड करणारा भाग, पुढे नुसतं पोस्ट म्हणतो), नाहीतर मशीनच्या ऑफसेट पेजवर. टूलपाथमध्ये क्वचित असते. तरी लोक सगळ्यात आधी टूलपाथलाच हात घालतात, फीड कमी कर, स्टेपडाउन बदल, लीड-इन काढ, आणि ह्या नादात जे बरोबर होतं तेपण बिघडतं.

सिम्युलेशन काय बघतं आणि काय बघत नाही

हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. फ्यूजन असो, मास्टरकॅम असो, सॉलिडकॅम असो, नेहमीचं सिम्युलेशन कॅमच्या आतला टूलपाथ दाखवतं. जी-कोड त्याच्यानंतर पोस्ट प्रोसेसर बनवतो. म्हणजे पोस्टने काय लिहिलं, कुठला ऑफसेट घातला, कमान कशी लिहिली, ह्यातलं काहीच त्या सिम्युलेशनने बघितलेलं नसतं, आणि तुमच्या मशीनवर जी५४ च्या (जॉबच्या शून्याचा पहिला ऑफसेट) झेडमध्ये काय आकडा आहे ते तर त्याला कळायचा संबंधच नाही. कॅमने एवढंच सांगितलं की ह्या शून्यापासून, ह्या टूलने, एवढं खाली जायचं. तो शून्य आणि ते टूल मशीनवर तेच आहे की नाही ते बघणं तुमचं काम.

म्हणून पोस्ट केलेली फाईल वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून बघायची सवय लावा. एनसी व्ह्यूअर ब्राउझरमध्ये फुकट चालतं, कॅमोटिक्स पण फुकट आहे, ओपन सोर्स. तिथे जे दिसतं ते खऱ्या जी-कोडवरून काढलेलं असतं. कॅममधलं चित्र आणि हे चित्र वेगळं दिसलं तर दोष पोस्टचा. दोन्ही सारखी असली आणि तरी मशीनवर चुकतंय तर दोष बहुतेक शून्याचा नाहीतर ऑफसेटचा. दोन मिनिटांत अर्धी शंका बाद होते, तरी हे कोणी करत नाही, का ते देव जाणे.

पहिल्या पंधरा ओळी वाचा

जी-कोड वाचता येत नाही म्हणून लोक घाबरतात, पण सगळा वाचायचा नाहीच आहे. फॅनकसाठी (मशीनचा एक कंट्रोलर) फ्यूजनच्या पोस्टमधून जी फाईल येते तिच्या सुरवातीला कंसात टूलची माहिती असते, टूलचा नंबर (टी१), व्यास किती, आणि पुढे झेडमिन. हे झेडमिन म्हणजे ते टूल सगळ्यात खाली किती जाणार तो आकडा. प्लेट १२ मिलिमीटरची आणि झेडमिन उणे १३ दिसतोय, तर आधी थांबा आणि स्वतःला विचारा की हा एक जास्तीचा मिलिमीटर मी मुद्दाम दिला होता का. मुद्दाम दिला असेल, आरपार कापायला देतातच, पण माहीत पाहिजे.

त्याच्या खाली जी९० जी९४ जी१७ जी४९ जी४० जी८० असली ओळ असते, म्हणजे मशीनच्या डोक्यात आधीच्या प्रोग्रामचं काही राहिलं असेल ते साफ करून घेतलं. मग जी२१, म्हणजे मिलिमीटर. मग झेड घरी पाठवायचा, टूल बदलायचं, स्पिंडल चालू, मग जी५४ किंवा जे काही असेल ते, आणि मग जी४३ (टूलची लांबी धर) सोबत एच नंबर, म्हणजे ती लांबी मशीनच्या कुठल्या खणातून घ्यायची तो. एवढंच बघायचं: युनिट कुठलं, ऑफसेट कुठला, टी आणि एच एकच नंबर आहे का, आणि पहिल्यांदा झेड खाली येतो तो किती आकड्यावर येऊन थांबतो. हे चार आकडे मशीनच्या ऑफसेट पेजशी जुळले तर निम्म्याहून जास्त अपघात होणारच नाहीत.

फ्यूजनच्या सेटअपमध्ये पोस्ट प्रोसेसचा टॅब असतो, तिथे डब्ल्यूसीएस ऑफसेट म्हणून एक खण आहे. तिथे शून्य ठेवलं तरी जी५४ येतो, एक लिहिलं तरी जी५४, दोन लिहिलं की जी५५. शून्य असलं की पोस्ट एक वॉर्निंग देतं की ऑफसेट दिला नाही म्हणून जी५४ धरतोय, आणि ती वॉर्निंग रोज बघून बघून लोकांना दिसायची बंद होते. दोन व्हाइस लावून दोन सेटअप करणाऱ्यांनी हा खण भरायचाच, नाहीतर दोन्ही जॉब पहिल्या व्हाइसवरच कापायला जातील.

चूक किती आहे ते मोजा

ह्या लेखातला मुख्य भाग हा. टूल खोल गेलं, जॉब बिघडला, ठीक आहे, आता शिव्या देऊन झाल्यावर व्हर्निअर घ्या आणि नेमकं किती खोल गेलं ते मोजा. "जरा जास्त गेलं" ह्याला काही अर्थ नाही. आकडा मिळाला की कारण बहुतेक वेळा त्या आकड्यातच असतं.

नेमका १ मिलिमीटर जास्त खोल, सगळीकडे सारखा. हे फ्यूजनवर नव्याने शिकणाऱ्याचं शंभर टक्के ओळखीचं दुखणं. सेटअप नवीन बनवला की फ्यूजन स्वतःहून स्टॉक (कापायचा कच्चा माल) मॉडेलपेक्षा वरती १ मिलिमीटर आणि बाजूंनी १ मिलिमीटर मोठा धरतं, आणि शून्य त्या स्टॉकच्या माथ्यावर ठेवतं. तुमच्याकडे प्लेट मात्र बरोबर मापाची आलेली, वरचं फेसिंग (माथा सपाट कापणं) करायचं नाहीच आहे, तुम्ही प्लेटच्या माथ्यावर टूल टेकवून शून्य केला. आता कॅमच्या हिशोबाने मॉडेल त्या शून्याच्या १ मिलिमीटर खाली, म्हणून ५ चा पॉकेट (खळगा) ६ खोल निघतो. झेडचा ऑफसेट १ वर उचलून प्रोग्राम चालवणं हा उपाय नव्हे. सेटअपमध्ये स्टॉकचा टॅब उघडा, वरचा ऑफसेट शून्य करा, नाहीतर शून्याची जागा स्टॉक बॉक्स पॉइंटऐवजी मॉडेल बॉक्स पॉइंट करा. आणि एकदा बरोबर सेटअप झाला की तो टेम्प्लेट फाईल म्हणून ठेवून द्या, दर वेळी नवीन कोरा सेटअप उघडला की हे भूत परत येणार.

चूक मालाच्या जाडीएवढी. हे राउटरवाल्यांचं. व्हीकार्व्ह, अस्पायर वगैरे राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये जॉब सेटअप करताना विचारतात की झेड शून्य मालाच्या माथ्यावर की बेडवर. समजा १८ चा प्लाय आहे, सॉफ्टवेअरमध्ये बेड निवडला आणि मशीनवर टूल प्लायच्या माथ्यावर टेकवला, तर टूल वरच्या वर हवेत नक्षी काढत बसेल, नुकसान काही नाही, हसं तेवढं होईल. उलटं केलंत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये माथा आणि मशीनवर बेड, तर मात्र खैर नाही, कारण ५ मिलिमीटरची सेफ हाइट (टूल न कापता फिरतं ती उंची) म्हणजे बेडपासून ५, आणि टूल रॅपिडमध्येच (न कापतानाची झपाट्याची चाल) १८ च्या प्लायमधून आडवं जायला बघणार. एका शॉपमध्ये एकच पद्धत ठरवा आणि ती मशीनवर मार्करने लिहून ठेवा. मला विचाराल तर आरपार कापायचं काम जास्त असेल तर बेड, नक्षी जास्त असेल तर माथा.

नेमकी ५० मिलिमीटरची चूक. झेड सेटर. तो ५० उंचीचा ठोकळा असतो, त्याच्यावर टूल टेकवलं आणि ५० वजा करायचं राहिलं, की टूल ५० वर तरंगतं. आणि दोघांनी दोनदा वजा केलं, एकाने एचमध्ये आणि दुसऱ्याने जी५४ मध्ये, की ५० खाली. ही चूक दिवसपाळी आणि रातपाळी बदलते तिथे हमखास होते. एकजण प्रत्येक टूल जॉबवर टेकवून एचमध्ये मोठा उणे आकडा भरतो आणि जी५४ चा झेड शून्य ठेवतो, दुसरा टूलची खरी लांबी एचमध्ये अधिक आकड्यात भरतो आणि जी५४ च्या झेडमध्ये जॉबची उंची. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एका मशीनवर दोन्ही एकदम चालत नाहीत. कॅमला ह्यातलं काहीच माहीत नसतं म्हणून कॅममध्ये शोधून सापडणार नाही.

चूक कधी २० तर कधी ३५, दर वेळी वेगळी, आणि ठराविक टूललाच येते. तेव्हा एच नंबर बघा. टूल लायब्ररीत एका टूलची कॉपी मारून दुसरं बनवलं, नंबर टी४ दिला, पण लेंग्थ ऑफसेटच्या खणात १ तसाच राहिला, म्हणजे फाईलमध्ये टी४ च्या खाली जी४३ एच१. मशीन बिचारं चौथं टूल लावतं आणि लांबी पहिल्याची धरतं. चूक म्हणजे दोन टूलांच्या लांबीतला फरक, म्हणून आकडा विचित्र दिसतो. नंबर, लेंग्थ ऑफसेट, डायमीटर ऑफसेट हे तीन खण लायब्ररीत उघडून बघा, आणि दुरुस्ती शॉपच्या मुख्य लायब्ररीत करा, नुसती त्या एका फाईलच्या टूलमध्ये नको, नाहीतर पुढच्या जॉबला तेच टूल ओढलं की परत एच१.

चूक आडवी आहे आणि टूलच्या व्यासाएवढी आहे, म्हणजे बाहेरचं माप १० च्या एंडमिलने (कापायचं टूल) १० मोठं आलं किंवा १० लहान. हा कटर कॉम्पेन्सेशनचा (टूलच्या रेडियसएवढं बाजूला सरकून कापणं) घोळ. कॅममध्ये 'वेअर' निवडलं असेल तर रेडियस कॅमने आधीच धरलेला असतो आणि मशीनच्या डी खणात फक्त झिजेचा फरक जायला पाहिजे, सुरवातीला शून्य. तिथे कोणी ५ भरून ठेवला की टूल दोन्ही बाजूंनी अजून ५ लांब पळणार. उलट 'इन कंट्रोल' निवडलंय आणि डी रिकामा, तर टूलचा मध्यच रेषेवरून चालणार आणि जॉब बारीक होणार. डीमध्ये रेडियस भरायचा की व्यास हेपण मशीनप्रमाणे बदलतं, एकदा टेस्ट कट घेऊन खात्री करा. शिकणाऱ्यांनी सुरवातीला 'इन कॉम्प्युटर' वर राहावं, ही भानगडच नको. फॅनकवर ०४१ अलार्म येत असेल तर तोही ह्याच घरातला, कोपरा नाहीतर लीड-इन रेडियसपेक्षा लहान आहे म्हणून कॉम्पेन्सेशनला जागा मिळत नाही.

सगळंच २५.४ पट लहान नाहीतर मोठं, तर इंच आणि मिलिमीटर. ३०० चं पॅनेल १२ च्या आतबाहेर आलं की मोजायचीही गरज नाही.

चूक हळूहळू वाढत जाते, पहिल्या पॉकेटला बरोबर आणि शेवटच्याला अर्धा मिलिमीटर खोल, तर कॅम बंद करा आणि पाना घ्या. कॉलेटमधून (टूल आवळून धरणारी बाही) एंडमिल खाली सरकतंय. कॉलेट घाणेरडा असतो, नाहीतर झिजलेला असतो, आणि हेलिक्सच्या (टूलच्या पिळाच्या) ओढीने टूल हळूहळू बाहेर येतं. लोक हे आठवडाभर पोस्ट प्रोसेसरमध्ये शोधत बसतात.

काल बरोबर होतं, आज सगळ्या ऑफसेटला सारखी चूक आहे, जी५४ ला पण, जी५५ ला पण, आणि फाईल तीच कालची. तर फॅनकच्या वर्क ऑफसेट पेजवर सगळ्यात वरती ईएक्सटी म्हणून ओळ असते ती बघा. तिच्यातला आकडा सगळ्या ऑफसेटमध्ये मिळवला जातो. कोणीतरी ड्राय रनसाठी (प्रोग्राम हवेत चालवून बघायला) तिथे झेडमध्ये ५० टाकून ठेवतो आणि काढायचं विसरतो. मॅक३ आणि जीआरबीएल ह्या छोट्या मशीनच्या कंट्रोलरवर हाच खेळ जी९२ (तात्पुरता शून्य) करतो.

कमानी वेड्यासारख्या फिरतात

हा दुसरा परत परत येणारा रोग, झेडचा नाही पण मूळ तेच. सरळ रेषा बरोबर, आणि कोपऱ्यात छोटी गोलाई आली की मशीन हे भलंमोठं वर्तुळ काढायला निघतं. मॅक३ असेल तर जनरल कॉन्फिगमध्ये आयजे मोड बघा, अ‍ॅबसोल्यूट की इन्क्रिमेंटल. कमानीचा मध्य पोस्ट एका पद्धतीने लिहितं आणि मशीन दुसऱ्या पद्धतीने वाचतं, एवढंच. जी-कोड सगळीकडे एकच अशी समजूत आहे लोकांची, पण पेडण्याची कोंकणी आणि काणकोणची कोंकणी जेवढी एक तेवढाच फॅनकचा आणि मॅक३ चा जी-कोड एक. नेमकं तुमच्या कंट्रोलरचं पोस्ट निवडायचं, "जवळपासचं" चालत नाही.

फॅनकवर ०२० अलार्म, जीआरबीएलवर एरर ३३, हे जरा वेगळं. कमानीच्या सुरवातीचा रेडियस आणि शेवटचा रेडियस जुळत नाही अशी मशीनची तक्रार. पोस्टने आकडे तीन दशांशापर्यंत कापले की अगदी बारीक कमानींमध्ये हा फरक पडतो, मोठ्या कमानीत पडत नाही. फॅनकमध्ये ३४१० पॅरामीटर आहे जो किती फरक चालेल ते ठरवतो, आणि बरेच सर्व्हिसवाले येऊन तो वाढवून जातात. अलार्म जातो खरा, पण मला ते पटत नाही, त्यापेक्षा पोस्टमध्ये मिनिमम कॉर्ड लेंग्थ आणि मिनिमम सर्क्युलर रेडियस असे दोन आकडे असतात ते थोडे वाढवा, म्हणजे इवल्याशा कमानी पोस्ट सरळ रेषा म्हणून लिहील. फ्यूजनची पोस्ट फाईल म्हणजे साधी जावास्क्रिप्ट, व्हीएस कोडमध्ये उघडते आणि हे आकडे वरतीच सापडतात. बदलायच्या आधी कॉपी करा, कॉपीला तुमच्या मशीनचं नाव द्या, आणि वरती कॉमेंटमध्ये काय बदललं ते लिहा. मूळ पोस्टमध्ये खाडाखोड करून ठेवली की नंतर कोणी नवीन पोस्ट उतरवून घेतलं आणि तेच वापरलं की तुमची दुरुस्ती गेली, चूक परत आली, आणि कोणालाच आठवत नाही की आधी काय केलं होतं.

हाताने एडिट करताना टिंब

करू नका म्हटलं तरी करणारच, म्हणून हे सांगतो. फॅनकवर एक्स१० असं टिंबाशिवाय लिहिलं तर बऱ्याच मशीनवर ते १० मिलिमीटर होत नाही, ०.०१० होतं. ३४०१ पॅरामीटरचा शून्य नंबरचा बिट ठरवतो की टिंब नसलं तर काय धरायचं, आणि शेजारच्या मशीनवर तो वेगळा असू शकतो. म्हणजे झेड उणे ५ लिहिलं आणि टूल जागचं हललंच नाही, मग ऑपरेटरला वाटतं एडिट लागलं नाही, तो ऑफसेट खाली करतो, आणि मग कोणीतरी टिंब घालतो. पुढे काय होतं ते सांगायला नको. आकड्यानंतर टिंब, नेहमी, मशीन कुठलंही असो.

करंट गेल्यावर

पावसात हे व्हायचंच. प्रोग्राम अर्ध्यात, करंट गेला, आला, आणि आता पहिल्यापासून चालवायचा कंटाळा म्हणून मधल्या ओळीपासून स्टार्ट. मशीनला बंद पडल्यावर कुठला ऑफसेट, कुठली टूल लेंग्थ, स्पिंडल चालू होता का, ह्यातलं काही आठवत नसतं. तुम्ही ज्या ओळीपासून सुरू केलं तिच्यात फक्त एक्स आणि वायचे आकडे. जी४३ वरती राहिलं, म्हणजे टूलची लांबी शून्य धरून झेड खाली. ज्या टूलवर थांबलं होतं त्या टूलच्या सुरवातीपासून चालू करा, जिथे टी, एस, जी५४, जी४३ सगळं येतं. म्हणून मी पोस्ट करताना लांब फाईल एका ऑपरेशनला एक अशी तोडतो, पंख्याखाली बसून दोन मिनिटं जास्त जातात पण मशीनपाशी उभं राहून ओळी मोजाव्या लागत नाहीत.

फ्यूजनचं फुकट पर्सनल लायसन्स वापरणाऱ्यांना हे आपोआप करावं लागतं, कारण २०२० च्या ऑक्टोबरपासून त्याच्यात आपोआप टूल चेंज मिळत नाही, दर टूलची फाईल वेगळी काढावी लागते. आणि रॅपिडपण मिळत नाही, हवेतलं चालणंसुद्धा कटिंगच्या फीडने. "माझं मशीन हळू का चालतंय" असं विचारणाऱ्यांनी फाईलच्या वरची कंसातली टीप वाचावी, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. मशीन बरोबर आहे.

सुरू केल्या केल्या मशीन भलतीकडे पळतं

घरी बनवलेले आणि छोटे जीआरबीएल राउटर. होमिंगचे स्विच नाहीत, आणि पोस्ट सुरवातीला जी२८ लिहून ठेवतं. जी२८ म्हणजे साठवलेल्या घरी जा, पण तुमच्या मशीनला घर माहीतच नाही, चालू केलं तेव्हा जिथे उभं होतं तेच त्याच्या लेखी शून्य. म्हणून ते क्लॅम्पवर जाऊन आदळतं. लोक दर वेळी फाईल नोटपॅडमध्ये उघडून ती ओळ खोडतात, कित्येक महिने. पोस्ट करायच्या खिडकीत सेफ रिट्रॅक्ट्स म्हणून पर्याय आहे, तिथे जी२८ च्या जागी क्लिअरन्स हाइट निवडा, संपलं, आणि तो पर्याय तसाच सेव्ह राहील असं बघा.

आणि एक कारण जे फक्त पावसाळ्यात येतं

राउटरच्या बेडवर एमडीएफचा स्पॉइलबोर्ड (मालाखालची पाटी) असतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा एवढा की एमडीएफ फुगतो, आणि सगळीकडे सारखा फुगत नाही, कडा आधी, स्क्रूची भोकं आधी. मे महिन्यात बेडवरून शून्य घेऊन जे मखर झक्क कापलं गेलं तेच जुलैत एका बाजूला आरपार आणि दुसऱ्या बाजूला पापुद्रा शिल्लक. कॅमची फाईल तीच, टूल तेच, मग सगळे व्हीएफडीवर (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) आणि अर्थिंगवर संशय घेतात. आधी पेन्सिलने बेडवर जाळी काढा, मोठ्या सरफेसिंग बिटने अर्धा मिलिमीटर फिरवा, जिथे पेन्सिल तशीच राहिली तो भाग खाली आहे. पूर्ण बेड सपाट होईपर्यंत फिरवा आणि शून्य परत घ्या. चवथीची ऑर्डर असेल तर हे दोनतीनदा करावं लागेल. कडा आणि खालची बाजू सीलरने मारून घेतली तर फुगणं कमी होतं, थांबत नाही. प्लाय आणि फणसाचं लाकूडपण ह्या दिवसांत मापात राहत नाही, म्हणून पावसात मी नक्षीच्या कामाला शून्य नेहमी मालाच्या माथ्यावर घेतो, बेडवर भरवसा नाही.

शिकणाऱ्या पोरांसाठी

आयटीआयमधून मशीनिस्ट होऊन येणाऱ्या पोरांना मशीन चालवता येतं आणि डिप्लोमावाल्यांना सॉफ्टवेअर, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. सॉफ्टवेअरवाल्याने एकदा तरी स्वतः टूल टेकवून एच भरावा, आणि मशीनवाल्याने एकदा तरी हाताने एक चौकोन जी-कोडमध्ये लिहून चालवावा, ५० बाय ५०, चारही कोपरे ५ रेडियसचे. अ‍ॅडाप्टिव्ह आणि फाइव्ह अ‍ॅक्सिसचे व्हिडिओ नंतर बघा. चौकोन बरोबर आला की पहिल्या पंधरा ओळी आपोआप वाचता यायला लागतात.

नवीन पोस्ट किंवा नवीन सेटअप असेल तर पहिल्यांदा सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), रॅपिड २५ टक्क्यांवर, आणि झेड जॉबच्या वरती सेफ हाइटला आला की फीड होल्ड (चाल थांबवायचं बटण). स्क्रीनवर झेड १५ लिहिलंय, डोळ्याला टूल आणि जॉबमध्ये १५ चं अंतर दिसतंय का? स्केल लावा. तिथे १५ दिसत नसेल तर पुढचं बटण दाबायचं नाही, मग शिफ्ट संपायला पाच मिनिटं राहिलेली का असेनात.

आणि एवढं सगळं करून नाहीच सुटलं आणि कोणाला विचारायचं झालं, तर कॅमच्या सिम्युलेशनचा स्क्रीनशॉट पाठवू नका, तो बघून कोणालाच काही सांगता येत नाही. कंट्रोलर कुठला, पोस्ट कुठलं, फाईलच्या पहिल्या पंधरा ओळी, ऑफसेट पेजचा फोटो ईएक्सटीच्या ओळीसकट, शून्य कुठे घेतला आणि कशाने, आणि व्हर्निअरने मोजलेली चूक मिलिमीटरमध्ये, अधिक की उणे ते धरून.